आद्व्याची लढाई डोंगरांनी जिंकली नाही: इथिओपिया स्वतंत्र कसा राहिला?

माळरान

आफ्रिकेच्या वाटणीबद्दल मराठीत वाचायला गेलं की इथिओपियाची बोळवण एका वाक्यात होते: देश डोंगराळ, लोक लढवय्ये, म्हणून युरोपियनांना तो घेता आला नाही. मला हे अजिबात पटत नाही. डोंगर अल्जीरियातही होते आणि लढवय्ये झुलूही होते. तरी फ्रान्सनं अल्जीरिया आणि इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेतलं झुलूंचं राज्य घेतलंच. इथिओपिया वाचला तो सम्राट मेनेलिक आणि त्याची राणी तायतू यांनी सात वर्षं थंड डोक्यानं केलेल्या तयारीमुळे. यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवणारी बर्लिनची परिषद फेब्रुवारी १८८५मध्ये संपली आणि त्याच महिन्यात इटलीनं तांबड्या समुद्रावरचं मासावा बंदर ताब्यात घेतलं. तिथून पठारावर चढायला लागले, तर जानेवारी १८८७मध्ये डोगालीला रास आलुलानं (रास म्हणजे बडा सरदार) त्यांची सुमारे ५०० जणांची तुकडी जवळजवळ पूर्ण कापून काढली. त्यानंतर मात्र इथिओपियावर संकटांची रांग लागली. इटालियन सैन्यासाठी मासावात आणलेल्या गुरांबरोबर बुळकांडीची साथ आली. गोठेच्या गोठे रिकामे झाले, नांगराला बैल उरले नाहीत आणि १८८८ ते १८९२ असा भीषण दुष्काळ पडला. त्यातच मार्च १८८९मध्ये सम्राट योहान्नेस सुदानच्या महदी फौजेशी लढताना मारला गेला.

मेनेलिक गादीवर आला तो या परिस्थितीत. मे १८८९मध्ये त्यानं वुचाले इथे इटलीशी तह केला. त्यातलं १७वं कलम सगळ्या भांडणाचं मूळ आहे. अम्हारिक प्रतीनुसार सम्राटाला वाटलं तर त्यानं युरोपशी पत्रव्यवहार इटलीमार्फत करावा. इटालियन प्रतीनुसार तो इटलीमार्फतच करायचा. इटलीनं आपली प्रत युरोपभर फिरवली आणि इथिओपिया आमच्या संरक्षणाखाली आहे असं जाहीर करून टाकलं. मेनेलिकला हे कळलं कधी? आपल्या राज्यारोहणाची पत्रं त्यानं लंडन आणि बर्लिनला पाठवली, आणि यापुढे इटलीमार्फत लिहा असं उत्तर आलं तेव्हा.

इथून पुढचं त्याचं वागणं बघण्यासारखं आहे. त्यानं लगेच तलवार उपसली नाही. दुष्काळात लढाई परवडणार नाही हे त्याला कळत होतं. १८९१मध्ये त्यानं युरोपच्या सगळ्या सत्तांना पत्र पाठवून आपल्या राज्याच्या सीमा कळवल्या आणि दूरदूरचे देश आफ्रिका वाटून घ्यायला येणार असतील तर आपण नुसते बघत बसणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. तोवर इटली, फ्रान्स, रशिया, जिथून मिळतील तिथून बंदुका गोळा करणं चालूच होतं. (फ्रेंच कवी रँबो कविता सोडून त्या भागात व्यापार करत होता. त्यानंही १८८७मध्ये मेनेलिकला बंदुका विकल्या.) इटलीकडून घेतलेलं कर्ज फेडलं, आणि मग १८९३मध्ये तह मोडल्याचं कळवलं.

सप्टेंबर १८९५मध्ये त्यानं देशभर दवंडी पिटवली. १ मार्च १८९६ला उत्तर इथिओपियातल्या आद्व्याजवळ सुमारे एक लाखाची फौज उभी होती. समोर जनरल बाराटिएरीचे साडेसतरा हजारांच्या आसपास सैनिक आणि ५६ तोफा.

लढाईच्या आधीचे दिवस मला लढाईपेक्षाही महत्त्वाचे वाटतात. दोन्ही छावण्यांतलं धान्य संपत आलं होतं. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर मेनेलिकलाच तळ हलवावा लागला असता. बाराटिएरी माघार घ्यायच्या विचारात होता. पण रोमहून पंतप्रधान क्रिस्पीची तार आली, की हे युद्ध नव्हे, हा सैन्याला जडलेला क्षय आहे. हाताखालच्या सेनापतींनाही माघार नको होती. २९ फेब्रुवारीच्या रात्री चार तुकड्या अंधारात निघाल्या. नकाशा कच्चा. डावीकडच्या तुकडीचा सेनापती आल्बेर्तोने, त्यानं ज्या टेकडीवर थांबायचं होतं ती गाठली, तर वाटाड्या म्हणाला, त्या नावाची खरी टेकडी अजून पुढे आहे. तो काही मैल पुढे गेला आणि उजाडलं तेव्हा एकटाच इथिओपियन फौजेच्या तोंडी सापडला. दुपारपर्यंत चार सेनापतींपैकी दोघे ठार, एक कैदेत. क्रिस्पीचं सरकार पडलं. २६ ऑक्टोबर १८९६च्या अदिस अबाबाच्या तहात इटलीनं इथिओपियाचं पूर्ण स्वातंत्र्य मान्य केलं.

आता प्रश्न. 'कधीच वसाहत नव्हता' अशा आफ्रिकी देशांच्या यादीत इथिओपियाबरोबर दुसरं नाव लायबेरियाचं असतं. ते इथिओपियाच्या पंगतीत बसवावं का?

---

नीलमोहर

सुरेख लिहिलंय. पण तायतूला एका ओळीत उरकलंत, ते चालणार नाही!

१७व्या कलमावर सुरुवातीपासून सर्वांत ठाम तीच होती. इटलीचा वकील आंतोनेल्ली तडजोडीचे मसुदे घेऊन यायचा, तेव्हा तिनं त्याला तोंडावर सांगितलं होतं की तुम्हाला जशी युरोपात प्रतिष्ठा जपायची आहे तशी ती आम्हालाही जपायची आहे. मेनेलिक सगळ्यांशी गोड बोलायचा. नाही म्हणायचं काम तायतू करायची. ही विभागणी दोघांनी ठरवून केली असावी असं मला वाटतं.

आणि मेकेलेचा वेढा. आद्व्याच्या दोन महिने आधी इटलीचा मेजर गालियानो तिथल्या किल्ल्यात बसला होता. इथिओपियन फौजेनं तटावर चढाई केली की माणसं नुसती मरत होती. किल्ल्याचा पाण्याचा झरा तटाबाहेर आहे हे हेरून तायतूनं आपल्या सैनिकांकरवी तो ताब्यात घेतला. आत माणसं आणि खेचरं तहानेनं कासावीस झाली, पाणी मापून देण्याची वेळ आली. शेवटी किल्ला सोडावा लागला. मेनेलिकनं त्यांना शस्त्रांसकट जाऊ दिलं, वर ओझ्याला जनावरंही दिली. आपल्याकडे काही जण याला भोळेपणा म्हणतील. पण त्या तुकडीला सोबत करण्याच्या निमित्तानं त्याची सगळी फौज बिनधोक आद्व्याच्या बाजूला सरकली.

आद्व्यालाही ती छावणीत बसून नव्हती. तिची स्वतःची फौज होती, तोफा होत्या, आणि जखमींना पाणी पोचवायला बायकांची रांग तिनं उभी केली होती.

---

खाडीपलीकडे

> डोंगर अल्जीरियातही होते आणि लढवय्ये झुलूही होते.

पूर्ण सहमत, आणि याला सर्वांत मोठा पुरावा मुंबईतून निघालेला आहे.

१८६८. सम्राट तेओद्रोसनं इंग्रजांचा वकील आणि काही युरोपियन मिशनरी मग्दलाच्या किल्ल्यात डांबून ठेवले होते. त्यांना सोडवायला जी मोहीम निघाली ती लंडनहून नाही, मुंबईहून. सरसेनापती रॉबर्ट नेपियर तेव्हा मुंबई इलाख्याच्या लष्कराचा प्रमुख होता. सुमारे १३ हजार सैनिक, त्यात मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणी, बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंते), त्याहून जास्त हमाल आणि बाजारबुणगे, हजारो खेचरं आणि ४४ हत्ती. झुला नावाच्या उजाड किनाऱ्यावर त्यांनी धक्का बांधला, रेल्वेचे रूळ टाकले आणि तिथून चारशे मैल आत, त्याच डोंगरांतून, हत्तींच्या पाठीवर आर्मस्ट्राँग तोफा चढवत गेले. १० एप्रिलला आरोगेच्या पठारावर तेओद्रोसची फौज मागून भरायच्या ब्रीचलोडर बंदुकांपुढे कोसळली, १३ तारखेला मग्दला पडला. तेओद्रोसनं स्वतःवर गोळी झाडून घेतली. पिस्तूल व्हिक्टोरिया राणीनं भेट दिलेलं होतं.

म्हणजे डोंगर चढता येत होते. पैसा ओतायची तयारी असली की झालं.

मग १८६८ आणि १८९६मध्ये फरक काय? तेओद्रोस एकटा पडला होता. निम्मे सरदार त्याच्यावर उलटले होते आणि उत्तरेकडच्या तिग्रे प्रांताच्या कासानं नेपियरला वाट आणि धान्य दिलं. मोबदल्यात इंग्रज जाताना त्याला तोफा आणि बंदुका देऊन गेले, आणि तोच कासा पुढे सम्राट योहान्नेस झाला. १८९६मध्ये इटलीची सगळी भिस्त अशाच फुटीवर होती, पण आद्व्याला गोज्जामचा राजा आला, वोल्लोचा रास मिकाएल घोडदळ घेऊन आला, हरारचा रास मकोन्नेन आला, आणि योहान्नेसचा मुलगा मंगाशा, ज्याला स्वतः गादी हवी होती, तोही आला. इटलीकडे गेलेले दोन तिग्रे सरदार तर ऐन फेब्रुवारीत परत फिरले आणि इटालियनांची रसद मारू लागले. माझ्या मते लढाई तिथेच फिरली.

अवांतर: मग्दलाची लूट हत्ती आणि खेचरांवर लादून नेली. शेकडो हस्तलिखितं, मुकुट, चर्चमधली भांडी. तेओद्रोसचा लहानगा मुलगा अलेमायेहू यालाही इंग्लंडला नेलं. तो १८७९मध्ये, अठराव्या वर्षी तिथेच वारला. त्याला विंडसरला पुरलं आहे आणि इथिओपिया त्याचे अवशेष अजून मागतो आहे.

---

माळरान

@खाडीपलीकडे, कासाची आठवण दिलीत हे फार बरं केलंत. दोन्ही मोहिमा शेजारीशेजारी ठेवल्या की सगळं लख्ख दिसतं.

---

तिसरा प्रहर

धागा वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती. मेनेलिक आपल्याला आवडतो कारण तो इटलीला भिडला. दक्षिणेतल्या वोलाइता किंवा काफाच्या माणसाला विचारा.

त्याच वर्षांत, त्याच बंदुका घेऊन, तो दक्षिणेकडे राज्य वाढवत होता. १८८७मध्ये हरार घेतलं. आर्सी भागातल्या ओरोमो लोकांशी कित्येक वर्षं लढाई चालली. १८९४मध्ये वोलाइता जिंकलं, तिथे भयंकर कत्तल झाली. आद्व्याच्या पुढच्याच वर्षी, १८९७मध्ये, काफाचं जुनं राज्य संपवलं आणि तिथल्या राजाला मरेपर्यंत कैदेत ठेवलं. जिंकलेल्या मुलखात बंदूकधारी शिपाई वसवले आणि तिथली शेतकरी कुटुंबं त्यांना वाटून दिली. त्या कुटुंबांनी शिपायाचं शेत करायचं, धान्य दळायचं, लाकूडफाटा आणायचा. याला गब्बार पद्धत म्हणतात आणि ती विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालली. गुलामांचा व्यापारही चालूच होता. बंदुकांसाठी पैसा कुठून आला? दक्षिणेतल्या हस्तिदंत, सोनं, कॉफी आणि गुलामांमधून.

आज इथिओपियाचा निम्म्याहून जास्त नकाशा या मोहिमांतून आलेला आहे. युरोपनं आफ्रिका वाटून घेतली त्या काळात एक आफ्रिकी सत्ताही त्या वाटणीत आपला वाटा काढत होती. १८९७पासून इंग्रज, फ्रेंच, इटालियन यांच्याशी तिनं सीमेचे करार केले ते याच मुलखासाठी. आद्व्याचं मोल मला मान्य आहे, पण हे त्याच पानावर लिहायला हवं.

---

नीलमोहर

@तिसरा प्रहर, मान्य. फक्त एवढंच जोडते, की आद्व्याला ओरोमोही लढले, वोल्लोचं घोडदळ बरंचसं ओरोमोच होतं. आद्वा तिथल्या सगळ्यांना आपला वाटतो आणि मेनेलिक सगळ्यांना वाटत नाही, हे दोन्ही खरं आहे.

---

बोरबाभळी

माझं बालपण हरारला गेलं. वडील तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. सम्राट हाइले सेलासींच्या काळात भारतातून खूप शिक्षक तिकडे गेले होते, त्यांतले आम्ही.

नीलमोहर यांचं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. आमच्या शेजारी एक ओरोमो कुटुंब होतं. त्यांचे आजोबा आद्व्याचं नाव काढलं की ताठ बसायचे आणि मेनेलिकचं नाव काढलं की उठून जायचे.

तिथल्या पंचांगानं आद्वा १८८८ साली झालं, येकातीत महिन्याच्या २३ तारखेला. त्या दिवशी सुट्टी असते. म्हातारे लोक ढाली, भाले आणि सिंहाच्या आयाळीचे टोप घालून निघतात. अदिस अबाबात सेंट जॉर्जचं अष्टकोनी चर्च आहे, ते मेनेलिकनं आद्व्याच्या विजयानंतर बांधवलं. त्याच्याजवळच्या चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. १९३६मध्ये इटालियन आले तेव्हा त्यांनी तो पुतळा काढून पुरून टाकला होता, १९४१नंतर लोकांनी तो खणून परत बसवला. आता त्याच भागात आद्व्याचं मोठं स्मारक झालंय, २०२४मध्ये उघडलं.

---

शून्य प्रहर_०७

इटालियन १९३६मध्ये आले म्हणताय. मग 'कधीच वसाहत नव्हता' हे कसं काय? पाच वर्षं होता की.

---

खाडीपलीकडे

@शून्य प्रहर, प्रश्न रास्त आहे. माझं मत: तो लष्करी ताबा होता. जसा पोलंड किंवा नॉर्वेवर जर्मनीचा होता. आपण नॉर्वेला जर्मनीची वसाहत म्हणत नाही.

ऑक्टोबर १९३५मध्ये मुसोलिनीनं हल्ला केला. मोहरी वायूचे बॉम्ब टाकले, गावांवर, गुरांवर, पाणवठ्यांवर. राष्ट्रसंघानं निर्बंध घातले, पण त्यात तेल नव्हतं आणि सुएझ कालवाही उघडा राहिला. मे १९३६मध्ये अदिस अबाबा पडलं. ३० जूनला हाइले सेलासी (आद्व्याला लढलेल्या रास मकोन्नेनचाच मुलगा) जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभा राहिला. त्यानं तिथे आकाशातून पडणाऱ्या विषारी पावसाचं वर्णन केलं आणि सभेला विचारलं की माझ्या लोकांना मी काय उत्तर घेऊन जाऊ. उत्तर कोणाकडेच नव्हतं. फेब्रुवारी १९३७मध्ये इटलीचा तिथला व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच्यावर बॉम्ब पडल्यावर राजधानीत तीन दिवस कत्तल चालली, मे महिन्यात देब्रे लिबानोसच्या मठातले साधू मारले. पण डोंगराळ भागात अर्बेन्योच म्हणजे देशभक्तांच्या टोळ्या शेवटपर्यंत लढत राहिल्या. अमेरिका, सोव्हिएत रशिया, मेक्सिको यांनी हा ताबा कधीच मान्य केला नाही.

आणि सोडवायला जे गेले त्यांत आपली माणसं होती. १९४१मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या खिंडीत मराठा लाइट इन्फंट्री लढली, केरेन हा तिच्या युद्धसन्मानांपैकी एक आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत यानं सुदानच्या सीमेवरून गोंडारकडे जाणाऱ्या रस्त्यावर चार दिवसांत ५५ मैलांमधले १५ सुरुंगपट्टे साफ केले. कानाचे पडदे फाटले तरी हटला नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बॉम्बे सॅपर्स १८६८मध्ये मग्दलावर चाल करून गेले होते, १९४१मध्ये देश सोडवायला गेले. ५ मे १९४१ला हाइले सेलासी अदिस अबाबात परतला, शहर पडल्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी.

---

दर्यावर्दी

लायबेरियावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी मर्चंट नेव्हीत आहे. जगातली कितीतरी मालवाहू जहाजं लायबेरियाचा झेंडा लावून फिरतात, मीही अशा जहाजांवर काढलीत वर्षं. ती नोंदणी प्रत्यक्षात चालते अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. एक तारा आणि अकरा पट्टे असलेला तो झेंडाच सांगतो देश कोणाच्या सावलीत जन्मला ते.

१८१६मध्ये अमेरिकेत एक संस्था निघाली, गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना आफ्रिकेत पाठवायचं म्हणून. काही संस्थापकांना गुलामीची चीड होती, काहींना मोकळे काळे लोक आपल्या देशात नको होते. १८२१च्या अखेरीस केप मेसुराडोची जमीन तिथल्या राजाकडून पिस्तुलाच्या धाकानं घेतली, बदल्यात बंदुका, तंबाखू, दारू असला माल. पुढे मन्रोव्हिया शहर झालं, अमेरिकी अध्यक्ष मन्रोच्या नावानं. २६ जुलै १८४७ला स्वातंत्र्य जाहीर झालं. अमेरिकेनं त्याला मान्यता दिली १८६२मध्ये.

युरोपनं पूर्ण गिळलं नाही हे खरं, पण लचके तोडले. पश्चिमेचा पट्टा इंग्रजांनी सिएरा लिओनला जोडला, पूर्वेचा फ्रेंचांनी १८९२मध्ये आयव्हरी कोस्टला. मेनेलिकसारखी फौज नव्हती, त्यामुळे सह्या करण्यापलीकडे हाती काही नव्हतं.

आत काय चाललं होतं? किनाऱ्यावरचे अमेरिकेतून आलेले काही हजार लोक राज्य करत होते. आतल्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व मिळालं १९०४मध्ये, मतदानाचा हक्क त्याच्याही चाळीसेक वर्षांनी. एकच पक्ष १८७८ ते १९८० सत्तेवर. १९२६मध्ये फायरस्टोन कंपनीला रबरासाठी दहा लाख एकर जमीन ९९ वर्षांच्या करारानं दिली, एकरी सहा सेंट भाड्यानं, सोबत पन्नास लाख डॉलरचं कर्ज गळ्यात. १९३०मध्ये राष्ट्रसंघाच्या चौकशीत निघालं की सरकारातलेच लोक मजुरांना जबरदस्तीनं फर्नांदो पो बेटावरच्या स्पॅनिश मळ्यांवर पाठवत होते. राष्ट्राध्यक्ष किंग यांना राजीनामा द्यावा लागला.

तर मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: नाही, त्या पंगतीत बसवू नये. तिथल्या क्रू किंवा ग्रेबो माणसासाठी बाहेरून येऊन जमीन घेणारा गोरा नव्हता एवढाच फरक. पण एक गोष्ट लायबेरियाच्या बाजूनंही सांगायला हवी. काळे लोक घटना लिहितात, राष्ट्राध्यक्ष निवडतात, परदेशी वकील ठेवतात, हे १८४७पासून जगासमोर होतं, आणि त्या काळात ते लहान नव्हतं.

---

शून्य प्रहर_०७

आभारी आहे, खूप नवीन कळलं. अजून एक. झुलूंनीही १८७९मध्ये इसांडलवानाला इंग्रजांची अख्खी छावणी कापली होती ना? मग ते का हरले आणि मेनेलिक का टिकला?

---

माळरान

इसांडलवाना जानेवारीतलं. त्यानंतर लंडननं ढीगभर कुमक पाठवली आणि ४ जुलैला उलुंदीला झुलूंची राजधानी जाळली. इटलीलाही कुमक पाठवता आली असती, पण आद्व्याच्या बातमीनंतर इटलीतल्या गावागावांत दंगे झाले, सैनिक घेऊन जाणाऱ्या गाड्या रोखायला लोक रुळांवर उतरले. शिवाय मेनेलिककडे जवळजवळ दोन हजार इटालियन कैदी होते. त्यानं त्यांना अदिस अबाबाला नेऊन सांभाळलं आणि तहाच्या वाटाघाटीत वापरलं. झुलूंना बंदुका पुरवायला कोणी फ्रान्स बसला नव्हता हाही फरक आहेच. जिबुटीचे फ्रेंच आणि सुदानवर डोळा ठेवून असलेले इंग्रज, दोघांनाही इटलीनं तिथे फार माजावं असं वाटत नव्हतं, आणि मेनेलिक ते ओळखून होता.

@दर्यावर्दी, तुमचा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र लेख आहे. वेगळा धागा काढाच.

---

तिसरा प्रहर

कैद्यांचा विषय निघालाच आहे तर पूर्ण करतो. इटालियन कैद्यांना सांभाळलं, पण इटलीच्या बाजूनं लढलेल्या आस्कारी शिपायांना, म्हणजे बहुतेक एरिट्रियातल्या माणसांना, फितूर ठरवून उजवा हात आणि डावा पाय तोडायची शिक्षा झाली. शेकडो जणांना. कित्येक तिथेच रक्त जाऊन मेले.

आणि मेनेलिकनं विजयानंतर एरिट्रियाच्या सीमेवरची मारेब नदी ओलांडली नाही. एरिट्रिया इटलीकडे राहू दिला. तेव्हा धान्य नव्हतं, पावसाळा तोंडावर होता, पुढे गेला असता तर इटली सूडानं पेटून उठली असती, हे सगळं मला कळतं. पण त्यामुळे एकच भाषा बोलणारे, एकाच चर्चला जाणारे तिग्रिन्या लोक नदीच्या दोन बाजूंना दोन देशांत गेले. १९५२मध्ये एरिट्रिया इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडला, १९६२मध्ये हाइले सेलासीनं तो सरळ खालसा केला, तीस वर्षं युद्ध चाललं आणि १९९३मध्ये एरिट्रिया वेगळा झाला. १९९८मध्ये बाद्मेच्या सीमेवरून दोघं पुन्हा लढले, दोन्हीकडची मिळून हजारो पोरं मेली. ती सीमा आखणारे करार १९००, १९०२ आणि १९०८चे, तिन्हींवर मेनेलिक आणि इटलीच्या सह्या.